पाचर आणि भरंवसा

पंचतंत्रांतील पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं वाचलेली असेलच. देवळाचें बांधकाम चालू असतें. सुतार अर्जुनाचा ओंडका अर्धा चिरून, त्याच्या फांकींमध्यें खैराची पाचर ठोकून, दुपारीं जेवावयास निघून जातात. मागाहून वानरांचा कळप येतो. त्यांतील एक त्या फटींत बसतो, पाचर हातांनीं उपटतो, आणि तत्क्षणीं फांकी मिटून प्राणास मुकतो. नसत्या उठाठेवी करूं नयेत, हें या कथेचें तात्पर्य सर्वमान्य आहे. परंतु वर्गांत ही कथा शिकवितांना आम्ही मुलांस आणखी एक प्रश्न विचारीत असूं: वानर येईपर्यंत त्या दोन फांकी कोणीं आवरून धरिल्या होत्या? मुलें थोडा वेळ गप्प बसत; मग एखादा म्हणे, "पाचरेनें." वीतभर लाकडाच्या तुकड्यानें एवढ्या मोठ्या ओंडक्याचें बळ थोपवून धरिलें होतें, आणि तो तुकडा जागचा हालतांच काय झालें, तें कथा सांगतेच.

ही पाचर आपल्या घरांतलीच आहे. कुदळीचा दांडा सैल झाला कीं आपण पाचर मारतों. कुऱ्हाड खुळखुळूं लागली म्हणजे रात्रभर ती बादलींत बुडवून ठेवितों. सकाळीं दांडा फुगून घट्ट बसतो. घरोघरीं जातीं होतीं त्या काळीं जात्याच्या वरच्या तळीला एक लाकडी खुंटा असे. दगडांत भोंक आणि भोंकांत लाकूड, एवढीच ती योजना. परंतु पहांटेपासून दोन बायका त्या एका खुंट्यावर सगळा जोर लावून दळीत. तो ढिला झाला म्हणजे भोंवतीं चिंधी गुंडाळून पुन्हां ठोकून बसवीत. दगडाच्या पोटांत लाकूड कसें धरतें आणि कधीं सोडतें, हें त्या बायकांस कोणत्याहि पुस्तकावांचून ठाऊक होतें.

आज हा विषय काढण्याचें कारण असें कीं, दगडांतल्या अशाच लाकडावर माणसांनीं एके काळीं आपले प्राण टांगलेले आहेत. उभे कडे व सुळके चढण्याची जी विद्या, जिला प्रस्तरारोहण म्हणतात, तिच्या आरंभींच्या काळांत चढणारे लोक खडकाच्या रुंद भेगांतून लाकडाच्या पाचरी ठोकीत आणि त्यांना दोर अडकवून वर सरकत. कौटुंबिक मासिकांत याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चाकण या टापूंत ज्यांचें बिऱ्हाड आहे ते असें म्हणणार नाहींत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतर या माळरानावर कारखान्यांची रांग लागली, ती चाकणच्या पलीकडे गेली. सहा दिवस लोखंडाशीं झुंजणारे त्यांतले कांहीं तरुण सातव्या दिवशीं पाठीवर पिशवी टाकून डोंगराची वाट धरतात. त्या पिशवींत काय आहे, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतें. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीची एक तर भीति वाटते, नाहीं तर बेफिकिरी.

म्हणून प्रथम ही रीत समजावून घेऊं. दोन माणसें एका दोराच्या दोन टोंकांस बांधलेलीं असतात. पहिला वर चढतो. दुसरा खालीं पक्क्या जागीं बसून दोर हळूहळू सोडतो. पहिला चढतां चढतां मधून मधून खडकाच्या भेगेंत कांहीं तरी आधार बसवितो व त्यांतून आपला दोर ओंवून घेतो. समजा, शेवटच्या आधाराच्या तीन हात वर गेल्यावर त्याचा पाय निसटला. तो तीन हात खालीं येऊन आधारापाशीं थांबत नाहीं. दोर ताणला जाण्यास आणखी तीन हात खालीं जावें लागतें. म्हणजे सहा हात तो कोसळतो, शिवाय दोर ताणेल तें निराळें. त्या क्षणीं सर्व झटका त्या एका आधारावर येतो. तो टिकला तर खरचटण्यावर निभावतें. तो उपटला तर खालच्या आधारावर भार येतो, आणि तोहि उपटला तर पुढचें सांगावयास नको. आधार म्हणजे नेमकें काय, हाच या सगळ्या विद्येचा गाभा आहे.

आपल्या मावळांत दगड व लाकूड यांची ही सांगड फार जुनी आहे. चिंचवडाहून लोणावळ्याची लोकल धरून मळवलीस उतरावें आणि भाज्याचीं लेणीं पाहावींत. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतलें मानतात. दगडी छताच्या आंतून सागवानी कमानी बसविलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक अद्याप जागेवर आहेत, आणि कांहींवर ब्राह्मी अक्षरेंहि आढळलीं आहेत. जवळच्या कार्ल्याच्या लेण्यांतहि जुनें लाकूड असेंच टिकून आहे. दोन हजार वर्षें लाकूड दगडाला धरून राहतें, हें पाहून मन थक्क होतें. परंतु तें लाकूड आंत आहे, सावलींत आहे, कोरडें आहे, आणि त्यावर कोणी लोंबकळत नाहीं, या चार गोष्टी विसरूं नयेत. त्यांचें महत्त्व पुढें येईल.

किल्ल्यांवर पाहावें तर जुन्या पाथरवटांनीं ठोकण्यापेक्षां कोरण्यावर अधिक भिस्त ठेविलेली दिसते. नाशिकाकडील हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांस दोन्ही हातांच्या बोटांकरितां खोबणी खोदलेल्या आहेत. तेथें आधार म्हणजे डोंगरच. १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांनीं सिंहगड घेतला त्या प्रसंगाची यशवंती घोरपड सर्वांस ठाऊक आहे. ती घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतली. सभासदाच्या बखरींत ती नाहीं. तेथें माणसेंच वानरासारखीं कडा चढून जातात. घोरपडीची कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यास एक मर्म पक्कें कळलें होतें: वर चढणाऱ्याचें धाडस कितीहि असलें तरी दोराचें वरचें टोंक कशाला धरून आहे, हा प्रश्न प्रथम सुटला पाहिजे.

याच टापूंत लाकडी आधाराचें जुन्या पद्धतीचें ठिकाण म्हणजे ढाकचा बहिरी. कामशेतवरून जांभिवली गांवीं जावें लागतें; तेथून पुढें कळकराय सुळका आणि ढाकचा कडा यांच्यामधील नाळेंतून उतरून कड्याच्या पोटाशीं आडवें जावें लागतें. खालीं सारें कोंकण पसरलेलें. शेवटीं गुहेकडे जाणारा उभा टप्पा येतो, आणि तेथें लोकांनीं कड्याला टेकून झाडाचा ओंडका व सोबत दोर अशी शिडी केलेली असते. बहिरी म्हणजे भैरव. त्याच्या दर्शनास आसपासचे ठाकर व इतर भाविक या वाटेनें जात आले आहेत. गुहेंत पाण्याचीं टाकीं आहेत, देवाचीं भांडीं आहेत. तीं वापरावींत आणि घांसून जागेवर ठेवावींत, असा रिवाज आहे. भांड्यांविषयींचा हा रिवाज त्या ओंडक्यालाहि लागू आहे असें आम्हांस वाटतें. सर्वांनीं वापरलेल्या वस्तूची काळजी सर्वांनींच घ्यावयाची; तिथें ओंडका कुजला तर तो बदलणारेहि गांवचेच लोक. ज्या लाकडाची वर्षावर्षाला कोणी विचारपूस करतें तें लाकूड भरंवशाचें. कोणी तरी केव्हां तरी ठोकून गेलेलें लाकूड तसें नव्हे.

आतां युरोपाकडे वळूं, कारण खडकाच्या भेगेंत पाचर ठोकून चढण्याची पद्धत तिकडील आल्प्स पर्वतांत विशेष वाढीस लागली. अरुंद भेगेंत लोखंडी मेख बसते. परंतु भेग चार बोटें रुंद असेल तर तेवढी जाड मेख घेऊन चढणें म्हणजे ऐरण पाठीवर घेऊन चढण्यासारखें. म्हणून लोक कठीण लाकडाच्या पाचरी करीत, त्यांना भोंक पाडून दोरीचा फांसा ओंवीत आणि हातोड्यानें ठोकून बसवीत. लाकूड हलकें, स्वस्त, घरीं तासतां येण्यासारखें. शिवाय खडकाच्या खडबडीत अंगाला तें दबून चिकटतें, लोखंडासारखें दोन टोंकांवर टेकून राहत नाहीं. या सोयी खऱ्या होत्या. दोष मात्र नंतर दिसत.

त्या काळचा दोरहि वनस्पतीच्या वाखाचाच होता. वाखाचा दोर फारसा ताणत नाहीं. पडणाऱ्यास तो हळूच न झेलतां एकदम हिसका देतो, आणि त्या हिसक्यानें स्वतःहि तुटतो. १८६५ सालच्या जुलैमध्यें मॅटरहॉर्न शिखर पहिल्यानें सर करून उतरतांना सात जणांपैकीं चौघे याच तऱ्हेनें गेले. त्या मंडळीपाशीं तीन प्रतींचे दोर होते. नेमका सर्वांत कमजोर दोर त्या दोघांमध्यें बांधलेला होता जेथें ताण आला, आणि मजबूत दोर जवळ असून बांधलेला नव्हता. तुटलेला तो तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयांत ठेविलेला आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचा दोर आला, तो ताणून झटका पोटांत घेऊं लागला; तोंपर्यंत पहिल्या चढणाऱ्यानें पडतां कामा नये, हाच एक नियम होता. म्हणजे पाचर असो वा मेख, तिचा उपयोग पडल्यावर झेलण्यापेक्षां मनाला धीर देण्यासच अधिक होई.

याच मुद्द्यावर गेल्या कांहीं वर्षांत आम्हांस एका घरचा निवाडा करावा लागला. चिंचवडगांवांत पवनेच्या बाजूस आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा वाडा आहे. तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यांचा नातू चाकणच्या एका कारखान्यांत तपासणी खात्यांत कामाला. एके दिवशीं आम्ही गेलों तों ओटीवर वादळ उठलेलें. आजीबाईंच्या हातांत दोरींत ओंवलेल्या पोलादी नटांचा एक झुबका आणि बाभळीच्या पांच पाचरी.

"मास्तर, हें बघा. मला वाटलें गुराच्या गळ्यांतल्या घाट्या आणल्यान्. तर म्हणतो, याच्यावर मी लोंबकळणार. तुम्हींच सांगा आतां याला."

नातू हंसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "आजोबा, विकतचे नग फार महाग पडतात. आणि जुने लोक हेंच वापरीत होते. नटाचे आंतले आटे मीं कानशीनें घांसून काढले आहेत, म्हणजे दोरी कापली जाणार नाहीं. बाभूळ जुनी आहे, बैलगाडीची."

मुलाचें बोलणें अज्ञानाचें नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे. ब्रिटनमधील चढणारे प्रथम खिशांत गोटे घेऊन जात, भेगेंत ते अडकवून त्यांच्यामागून दोर घालीत. पुढें वेल्समध्यें स्नोडनच्या आगगाडीच्या रुळांवरून चालत कड्याकडे जातांना पडलेले नट ते उचलूं लागले. त्यांत दोरी ओंवून भेगेंत वरून सरकविला कीं खालच्या अरुंद जागीं नट अडकून बसे. आटे घांसण्याची युक्तिहि त्यांचीच. संस्कृतांत नट म्हणजे सोंग घेणारा. हा लोखंडी नट मात्र सोंग न घेतां जागा धरून राही. १९६१ च्या सुमारास शेफील्डच्या जॉन ब्रेल्सफर्ड नांवाच्या लोहारकाम जाणणाऱ्या गृहस्थानें केवळ चढण्याकरितांच असे तुकडे घडविण्यास आरंभ केला. अमेरिकेंत त्यापूर्वीं जॉन सालाथे या लोहारानें कठीण पोलादाच्या मेखा स्वतः घडविल्या होत्या. आणि १९५७ सालीं योसेमिटीच्या प्रचंड कड्यावर वॉरेन हार्डिंगच्या मंडळीनें एका रुंद भेगेकरितां मोडक्या स्टोव्हचे पाय मेखा म्हणून ठोकले. ती भेग अजून त्याच नांवानें ओळखली जाते. सारांश, ही विद्या घरगुती कारागिरींतूनच वाढली आहे. तेव्हां या मुलाची थट्टा करण्यासारखें कांहीं नव्हतें.

आम्ही त्याला एवढेंच विचारलें, "बाळ, तूं तपासणी खात्यांत आहेस. तुझ्या कारखान्यांतून नवा माल बाहेर पडण्यापूर्वीं तुम्ही काय करतां?"

"माप घेतों. मग प्रत्येक घाण्यांतले कांहीं नग मुद्दाम ताणून तोडून पाहतों."

"हा नट कोणत्या घाण्यांतला?"

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "भंगारांतला आहे."

"आणि ही दोरी? ही पाचर?"

"यांचें कांहीं माहीत नाहीं, आजोबा."

आजीबाईंनीं लगेच तें सगळें विहिरींत टाकावयास सांगितलें. आम्ही म्हटलें, "टाकूं नका, वहिनी. त्यालाच तपासूं द्या." परसांत जुनी दगडी विहीर आहे, तिच्या कांठाच्या दोन चिऱ्यांमध्यें तीन बोटांची फट. ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं, मुलानें आपल्या हातानें उत्तम पाचर त्या फटींत ठोकली. दोघे काका तिच्या फांशाला धरून ओढूं लागले, ती तसूभर हालली नाहीं. श्रावणांत तर ती फुगून दगडाशीं एकजीव झाल्यासारखी दिसत होती. होळीच्या सुमारास आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां नातवाच्या धाकट्या बहिणीनें ती दोन बोटांनीं उपसून आमच्या हातावर ठेविली.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लाकूड पाणी पिऊन फुगतें तें लांबींत नव्हे, आडव्या अंगानें. मोकळें असेल तर तें फुगून पुन्हां वाळतांना जवळ जवळ पूर्वीच्या मापावर येतें. परंतु भेगेंत त्याला फुगण्यास जागा नसते. दगड मागें हटत नाहीं, म्हणून लाकडाचे तंतूच आंतल्या आंत चिरडले जातात. पुढें उन्हाळ्यांत तें वाळतें तेव्हां पूर्वीपेक्षांहि लहान होतें. कुऱ्हाड भिजवून घट्ट केली तर महिन्यानें ती अधिक खुळखुळते, त्याचें कारण हेंच. सह्याद्रींत चार महिने पावसाची झोड आणि पुढें रखरखीत ऊन. अशा ठिकाणीं गेल्या वर्षीं ठोकलेली पाचर दिसावयास पूर्वीसारखीच दिसते, परंतु आंतून ती सुटलेली असते. भाज्याचें सागवान दोन हजार वर्षें टिकलें आणि विहिरीवरची बाभूळ एक वर्ष टिकली नाहीं, त्यांतला भेद हा असा: एक कोरडें राहिलें, दुसरी भिजली आणि वाळली.

खडकाचाहि यांत भाग आहे. आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. कांहीं थर घणालाहि दाद देत नाहींत. कांहीं सच्छिद्र, मुरमाड, हातानें भुगा होणारे. भेग बाहेरून खोल दिसते आणि बोटभर आंत बंद होते. अशा ठिकाणीं मेख ठोकतांना भेगच रुंदावते. लोखंडी मेखा ठोकून व उपसून अमेरिकेंतील कठीण खडकसुद्धां जखमी झाले, तेव्हां स्वतः मेखा घडवून विकणाऱ्या यव्हॉन शुइनार्डनें १९७२ सालीं आपल्या मालाच्या यादींतच लोकांस मेखा सोडून हातानें बसणारे व हातानें निघणारे तुकडे वापरण्याचा उपदेश केला. आपल्याच धंद्याविरुद्ध असें छापणारा माणूस विरळा. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांत तर मऊ वालुकाश्म झिजूं नये म्हणून असे धातूचे तुकडेहि वर्ज्य आहेत; तेथें लोक दोरीच्या गांठी करून भेगेंत अडकवितात. घरगुती साधनाचा याहून साधा नमुना कोणता असणार?

मग विकतच्या साधनांत असें काय आहे, कीं त्यांच्याकरितां पैसे मोजावे? वस्तु सुंदर असते हें खरें कारण नव्हे. आपल्या टापूंतला चांगला फिटर तिच्याहून सुबक वस्तु घडवील. पैसे मोजावयाचे ते तोडून पाहिलेल्या नगांचे. गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९६० सालीं दोराची पहिली कसोटी ठरविली. आज एकेरी दोराची परीक्षा अशी असते: ८० किलोचें वजन त्यावर ठराविक रीतीनें पुनः पुन्हां पाडावयाचें, पांच पाडांपर्यंत तो तुटतां कामा नये, आणि पहिल्या पाडाचा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जातां कामा नये. १२ किलोन्यूटन म्हणजे सुमारें १२०० किलो वजन टांगल्यासारखा जोर. ज्या कडीनें दोर आधारास जोडतात तिनें लांबीच्या दिशेनें २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारें दोन टन, सहन केले पाहिजेत. आणि हा आंकडा तिच्या अंगावर कोरलेला असतो. ८० किलोचा माणूस आणि दोन टनांची कडी! हा फाजील खर्च नव्हे. पडणाऱ्या माणसाचा भार उभ्या माणसाच्या कित्येक पट असतो, आणि घडविणाऱ्याची, वापरणाऱ्याची व खडकाची, अशा तिघांच्या चुका त्या उरलेल्या बळांत झेलावयाच्या असतात.

त्या घरीं निकाल लागला तो असा: मुलाला डोंगर बंद झाला नाहीं. त्यानें व त्याच्या चार मित्रांनीं वर्गणी काढून नवा दोर, कड्या व कमरेचे पट्टे घेतले, आणि एका जाणत्या मंडळाकडे रीतसर शिकावयास जाऊं लागले. आजीबाईंनीं देवाजवळच्या डब्यांतून कांहीं रक्कम दिली, ती किती हें त्या सांगत नाहींत. बाभळीच्या पाचरी मात्र त्यांनीं फेंकूं दिल्या नाहींत. दारें वाऱ्यानें आपटतात तेथें त्या लावल्या आहेत, आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत.

यावरून आम्हांस वाटतें तें स्पष्ट लिहितों. जुन्या चढणाऱ्यांची पाचर आदरास पात्र आहे, अनुकरणास नव्हे. त्यांच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें म्हणून ते लाकडावर टांगून गेले. आणि लाकूड केव्हां सोडील याचा नेम नाहीं, हें ठाऊक असल्यामुळें ते प्रत्येक आधार ओढून, ठोकून, त्याचा आवाज ऐकून मगच पुढें पाऊल टाकीत. पोलाद आणि नायलॉन आल्यावर साधन सुधारलें, परंतु ही संवय सुटली तर सुधारणेचा उपयोग काय? आपल्या हातानें केलेल्या वस्तूवर माया जडते, आणि विकत घेतलेल्या वस्तूवर किंमतीचा पगडा बसतो. माया आणि किंमत या दोहोंपैकीं कशालाहि दोर अडकवितां येत नाहीं.

आतां घरच्या मंडळींस चार शब्द. मुलगा वा मुलगी डोंगरावर जातें म्हणून आदळआपट करूं नये; बंदी घातलेलीं मुलें न सांगतां जातात, आणि न सांगतां गेलेल्यांचा शोध कोठें घ्यावा हें कोणास कळत नाहीं. त्यापेक्षां प्रश्न विचारावे. दोर कोणत्या सालचा आहे? त्यावर पूर्वीं कोणी जोरानें पडलें आहे काय? कड्यांवर आंकडे कोरलेले आहेत काय? डोक्यावर घालावयाची टोपी बरोबर आहे काय? कड्यावर आधीच्या लोकांनीं सोडलेली गंजकी मेख किंवा जुना फांसा दिसला तर त्यावर विसंबतां काय? या शेवटच्या प्रश्नास "नाहीं" असें तत्काळ उत्तर आलें पाहिजे. बरोबर कोण आहे, आणि त्यांतल्या जाणत्या माणसाचें नांव काय, हेंहि विचारावें. पावसाळ्यांत उभे कडे वर्ज्य समजावे.

आणि एक गोष्ट तर सर्वस्वी घरच्यांच्याच हातीं आहे. नायलॉनच्या दोरास आम्लाचा स्पर्श घातक असतो, आणि आम्लानें खाल्लेला दोर पुष्कळदां वरून चांगला दिसतो. आजकाल पुष्कळ घरांत जिन्याखालीं वीज गेल्यावर दिवे लावणारी बॅटरी असते, आणि अडगळ म्हणून पिशवीहि तेथेंच सरकविली जाते. तसें करूं नये. दोर मळला तर कोमट पाण्यांत धुवावा, सोडा किंवा कपडे शुभ्र करण्याचें औषध घालूं नये, आणि उन्हांत न घालतां सावलींत दांडीवर सैल पसरून वाळवावा. वाळल्यावर तो गुंडाळतांना हातानें सबंध चाचपावा. कोठें चपटा, कोठें फुगीर, कोठें पोकळ लागला तर मुलाला बोलावून दाखवावा. लोणच्याच्या बरणीची जेवढी निगा आपल्या घरांत होते तेवढीच या दोराची झाली तरी पुरे.